क्वेक, हार्डवर, मध्ये सेव्ह न करता: चौथ्या एपिसोडच्या अर्ध्यापर्यंत

नियम आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढची रडगाणी समजतील. गेम १९९६ चा क्वेक, बंदुका घेऊन राक्षस मारत पुढे जायचा, पण खेळतोय तो नाईटडाइव्ह या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेला रीमास्टर, म्हणजे सुधारलेली आवृत्ती. अवघडपणा हार्ड. लेव्हल सुरू झाल्यावर संपेपर्यंत सेव्ह करायचं नाही. मेलो तर लेव्हल पहिल्यापासून. सिक्रेट, म्हणजे लपवलेल्या जागा, जमतील तितकी शोधायची, पण गाईड उघडायचं नाही.

शाळेत असताना हा गेम मी 'पूर्ण केला' असं गावभर सांगितलं होतं. खरं म्हणजे तो एफ-सिक्सने, म्हणजे झटपट सेव्हच्या बटणाने, पूर्ण केला होता. कोपरा आला की सेव्ह, दार उघडायच्या आधी सेव्ह, ओगर (करवत आणि ग्रेनेडवाला राक्षस) मेला की सेव्ह. तेही बाणांच्या बटणांवर, कारण माऊसने वर-खाली बघायला कन्सोलमध्ये एक आज्ञा लिहावी लागते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती: या गेमला संगीत आहे! आमची प्रत एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून दुसऱ्याच्या, तिथून माझ्या, अशी फिरत आलेली. ट्रेंट रेझनरचं संगीत मूळ सीडीवर गाण्यांच्या सीडीसारखे वेगळे ट्रॅक म्हणून होतं, त्यामुळे फोल्डर कॉपी केला की गेम यायचा आणि संगीत मागेच राहायचं. रीमास्टर लावून पहिल्या रात्री खेळायला बसलो आणि ते खोलवरून येणारं घरघरणं सुरू झालं, तेव्हा मला स्पीकरची वायर सैल झाली असंच वाटलं. खिळे झाडणाऱ्या बंदुकीच्या दारूगोळ्याच्या डब्यांवरचं ते चौकोनी एनआयएन चिन्ह रेझनरच्या 'नाईन इंच नेल्स' या बँडचं आहे, हाही उलगडा तेव्हाच झाला.

पहिला एपिसोड. पाच रात्री. स्लिपगेट कॉम्प्लेक्स ही पहिली लेव्हल हातात बसलेली होती, पहिल्याच फेरीत पार. पण नेक्रोपोलिस या लेव्हलमध्ये झोंबींपायी सात वेळा मेलो. झोंबीचा हिशोब साधा आहे: एका दणक्यात ६० चं नुकसान झालं तर तो फुटतो, नाहीतर पडतो आणि पुन्हा पूर्ण ६० घेऊन उठतो. शॉटगनने फक्त त्याची झोप मोडते. सेव्ह हाताशी असताना ग्रेनेड वाया गेला तरी काही वाटायचं नाही, आता प्रत्येक ग्रेनेड मोजून. भिंतीवर आपटून कोपऱ्यापलीकडे टाकायचा, आणि तो घरंगळत परत आपल्याच पायाशी येणार नाही एवढं बघायचं. सातपैकी तीन मरणं त्यातच गेली.

ग्रिझली ग्रॉटोमधून सिक्रेट दार सापडलं आणि झिगुराट व्हर्टिगो या लपवलेल्या लेव्हलला पोहोचलो. तिथे गुरुत्वाकर्षण ८०० चं १०० होतं. उडी मारली की माणूस पतंगासारखा तरंगत राहतो, आणि आपला ग्रेनेडही तसाच कुठच्या कुठे जातो. हवेत असताना दिशा फारशी बदलता येत नाही, त्यामुळे उडी घेतल्यावर खाली ओगर उभा दिसला तर देवाचं नाव घ्यायचं. पहिल्या एपिसोडमध्ये माझी सगळ्यात आवडती हीच.

एपिसोडच्या शेवटच्या मोठ्या राक्षसाचं, क्थॉनचं, विशेष काही नाही. बंदुकीचा त्याच्यावर परिणाम होत नाही, हार्डवर विजेचे तीन झटके द्यावे लागतात. दुसऱ्या प्रयत्नात मेला.

शॅम्बलर या वीज सोडणाऱ्या धिप्पाड राक्षसाबद्दल थोडं जास्त. या खेपेला खरं काही शिकलो असेन तर ते इथेच. शॅम्बलरची हेल्थ ६००, आणि रॉकेट किंवा ग्रेनेडच्या स्फोटाचं त्याला निम्मंच लागतं. म्हणजे इतर सगळ्यांवर जे हत्यार चालतं तेच इथे वाया. डबल शॉटगनचे चौदाही छर्रे लागले तर ५६. गणित करा: अकरा बार, एकही न चुकवता. शाळेत मी त्याला लांबून रॉकेट मारायचो, तो वीज सोडायचा, मी मरायचो, एफ-नाईन दाबायचो. वीस वेळा लोड करून एकदा जमलं की पुढे.

आता ते शक्य नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच थांबून त्याच्याकडे नीट पाहिलं. वीज सोडायच्या आधी तो दोन्ही हात डोक्यावर जोडतो. तेवढ्या वेळात खांबाआड गेलो की वीज भिंतीवर. आणि अगदी अंगाशी गेलो तर तो वीज सोडत नाही, पंजा उगारतो. पंजा उगारला की दोन पावलं मागे, तो हवेत फिरला की पुढे येऊन बार, पुन्हा मागे. जुने खेळाडू याला शॅम्बलरशी नाचणं म्हणतात. नाव चेष्टेचं वाटतं, पण खरंच ताल आहे त्याला. एकदा ठेका पकडला की भीती जाते, आणि भीती गेली की हमखास पुढचं पाऊल चुकतं! पहिला शॅम्बलर असा नाचून मारला तेव्हा हेल्थ ९ उरली होती. रात्रीचा दीड वाजला होता, ओरडताही येईना.

त्याच आठवड्यात आईने पलीकडच्या खोलीतून विचारलं, "मिक्सर लावलायस का रे एवढ्या रात्री?" ओगरची करवत होती ती. तेव्हापासून हेडफोन.

दुसरा एपिसोड. इथे अडकलो ते दारूगोळ्यावर. प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला सगळं काढून घेतलं जातं, उरते कुऱ्हाड, साधी शॉटगन आणि २५ काडतुसं. मधल्या लेव्हलमध्ये मेलं तर आत शिरताना जे जवळ होतं तेवढंच परत मिळतं. म्हणजे एक लेव्हल उधळेपणाने संपवली तर पुढच्या लेव्हलमध्ये प्रत्येक जन्मात तीच गरिबी. थोडी दया आहे: हेल्थ ५० च्या खाली असेल तर पुढे जाताना ५० करून मिळते आणि काडतुसं किमान २५ होतात. पण १०० च्या वरची हेल्थ कापली जाते, त्यामुळे बाहेर पडायच्या दाराजवळ मेगाहेल्थ (हेल्थ १०० च्या वर नेणारा डबा) घेणं म्हणजे निव्वळ हौस.

उपाय सापडला तो भांडणं लावण्याचा. ओगरचा ग्रेनेड तलवारवाल्या नाईटला लागेल अशा जागी उभं राहायचं आणि बाजूला व्हायचं. एकाच जातीचे राक्षस आपसांत भांडत नाहीत, अपवाद फक्त साध्या शिपायांचा. ते एकमेकांनाही सोडत नाहीत. यात काही भाष्य आहे की कोड लिहिताना गंमत केली, देव जाणे. ओगर सिटाडेल या लेव्हलमध्ये अर्ध्याहून जास्त काम मी अशीच कळ लावून करून घेतलं. आमच्या सोसायटीची सभा आठवली.

तिसरा एपिसोड लवकर उरकला. विंड टनेल्स या लेव्हलमध्ये वाऱ्याच्या नळ्या आपल्याला उचलून नेतात, मजा येते, पण पलीकडे कोण उभं आहे हे आधी कळत नाही. व्होर या राक्षसाचे पाठलाग करणारे गोळे कोपऱ्याभोवती फिरवून भिंतीवर घालायचे, एवढं जमलं की बाकी सोपं.

मध्ये एका रविवारी भाची आली होती. तिच्याबरोबर टीव्हीवर अर्धा-अर्धा पडदा करून पहिला एपिसोड नॉर्मलवर खेळलो. ती नववीत आहे. तिचं पहिलं वाक्य: "मामा, हा सगळा एकच तपकिरी रंग का आहे?" उत्तर नव्हतं. रीमास्टरमध्ये मॉडेल सुधारलीत, सावल्या हलतात, दिव्यांना रंग आलाय, पण तपकिरी ते तपकिरीच. मशालीचं फडफडणं मात्र जुनंच आहे. मूळ गेममध्ये ते 'ए' ते 'झेड' अक्षरांची एक ओळ वापरून केलेलं आहे, प्रत्येक अक्षर म्हणजे प्रकाशाची एक पायरी, 'ए' म्हणजे अंधार. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं." आणि पुढच्याच खोलीत तिने फीन्डला माझ्याआधी लोळवलं. फीन्ड झेपावला की मागे पळायचं नाही, बाजूला सरायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला कळायला वीस वर्षं लागली.

चौथा एपिसोड, सध्याचा मुक्काम. हा बहुतांशी सँडी पीटरसनने रचलेला. १९८१ मध्ये 'कॉल ऑफ क्थुलू' हा लव्हक्राफ्टच्या भयकथांवरचा टेबलावर खेळायचा गेम त्यानेच काढला, तेव्हा इथले विचित्र कोन आणि वेड्यावाकड्या खोल्या समजून घ्यायच्या. समजून घेतो, पण स्पॉन या राक्षसाबद्दल माफी नाही. निळं जेलीचं ढेकूळ, उड्या मारत अंगावर येतं, आणि मेलं की फुटतं. जवळून मारलं तर आपणही जातो. डबल शॉटगन, जी आतापर्यंत माझं पोट भरत होती, ती इथे उलटते. लांबून खिळे मारावेत तर ते दोन सेकंद एका जागी थांबत नाही. शेवटी जमलेली युक्ती: दारातून डोकावून त्याला जागं करायचं, लगेच मागे पळायचं, लांब बोळात त्याला सरळ रेषेत यायला लावायचं आणि तिथे ग्रेनेड. चारपैकी तीनदा जमतं. चौथ्यांदा लेव्हल पहिल्यापासून.

१९९७ मध्ये 'क्वेक डन क्विक' या वेगाने गेम संपवणाऱ्या गटाने अख्खा गेम नाईटमेअरवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, १९ मिनिटं ४९ सेकंदांत संपवला होता. माझा हेल्स एट्रियम या एका लेव्हलचाच आकडा तीन रात्री आहे.

काल ती संपली. आता पुढच्या लेव्हलच्या, पेन मेझच्या, दारात उभा आहे: हेल्थ ७२, चिलखत नाही, रॉकेट चार, काडतुसं ३१. सिक्रेट एकूण किती सुटली ते एपिसोड संपल्यावर मोजेन. कुणी इथे स्पॉनला डबल शॉटगनने, स्वतःला न लागता, नेमाने मारत असेल तर किती अंतरावरून मारता तेवढं सांगा.