डिलिव्हरीत बाळाला इजा झाली, केस करायचीय? आधी फाइल मागा

आमच्या घरी चाललेल्या केसबद्दल कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. किती मिळतील, आणि डॉक्टरला आत का नाही टाकत? विचारणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, पण ज्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे दोन्ही प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी बाळाचे उपचार, आणि उपचार चालू असतानाच दवाखान्याकडे फाइलची लेखी मागणी. वकील त्यानंतर शोधला तरी चालतो.

थोडक्यात आमचं सांगते. वहिनीची पहिली डिलिव्हरी माहेरी, पुण्यात. नऊ महिने सगळे रिपोर्ट नॉर्मल. रात्री कळा वाढवायचं सलाइन लावलं, पहाटे व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, बाळ रडलं नाही. मग एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, दुसऱ्या दिवशी फिट्स, आणि नंतरच्या एमआरआयमध्ये मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा. आज माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. मान सावरायला लागलाय, हाक मारली की आवाजाच्या दिशेने बघतो आणि आत्या आली की हसतो, एवढं पुरेसं आहे.

तर फाइल. डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. मागायचं ते आईचा पूर्ण इनडोअर केसपेपर, पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांची सीटीजीची पट्टी, सिस्टरांच्या नोट्स, संमतीपत्रं, आणि बाळाचे एनआयसीयूचे सगळे चार्ट, त्यात अपगार स्कोअर (जन्मल्या जन्मल्या बाळाच्या अवस्थेला दिलेले गुण) आणि नाळेच्या रक्ताचा गॅस रिपोर्ट (बाळाला ऑक्सिजन कमी पडला का ते त्यात दिसतं) केला असेल तर तोही. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, त्यानुसार पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं सांभाळून ठेवावं लागतं. काउंटरवर तोंडी मागू नका, 'साहेब नाहीत, उद्या या' हेच ऐकायला मिळतं. अर्ज दोन प्रतींत करायचा, एकीवर शिक्का-सहीची पोच घ्यायची, नाहीच घेतला तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. आणि मेडिकलची बिलं अजिबात टाकू नका, कुठलं इंजेक्शन कधी आणलं ते कधीकधी त्या बिलावरूनच कळतं.

कागदांना मी एवढं का धरून बसलेय ते सांगते. पार्टोग्राफ म्हणजे कळा सुरू असतानाचा एक पानाचा तक्ता, त्यात पिशवीचं तोंड किती उघडलं, कळा किती, बाळाचे ठोके किती हे वेळेनुसार भरायचं असतं, ठोके तर दर अर्ध्या तासाला. वहिनीच्या पानावर रात्री अडीचपर्यंत ठिपके नीट लागलेत आणि त्यानंतर पावणेपाचपर्यंत ठोक्यांची ओळ कोरी आहे. त्याच वेळात सलाइनचा वेग दोनदा वाढवल्याची नोंद मात्र सिस्टरांच्या कागदावर आहे. म्हणजे कळा वाढवत नेल्या आणि त्या कळा बाळाला सोसतायत का हे कुणी बघितल्याचा पुरावा नाही. आमची अख्खी केस या एका पानावर उभी आहे, आणि ते पान हातात नसतं तर आमच्याकडे फक्त रडारड होती.

आता कोर्टात काय सिद्ध करावं लागतं? दोन गोष्टी, आणि दोन्ही वेगवेगळ्या. पहिली म्हणजे निष्काळजीपणा. वाईट परिणाम झाला म्हणून डॉक्टर दोषी असं होत नाही, त्या परिस्थितीत एखाद्या साधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढंच बघतात. दुसरी गोष्ट जास्त अवघड, ती म्हणजे त्याच चुकीमुळे हीच इजा झाली हे दाखवणं. कारण सेरेब्रल पाल्सीच्या बहुतेक मुलांमध्ये कारण बाळंतपणातली चूक नसतेच, वेळेआधी जन्म, पोटात असतानाचं इन्फेक्शन, जनुकीय दोष, वारेचे प्रॉब्लेम असं बरंच काही असतं. समोरचा वकील हेच सगळं मांडणार, आणि ते मांडण्यात गैर काही नाही. म्हणून अपगार, गॅस रिपोर्ट, फिट्स कधी सुरू झाल्या आणि एमआरआयमध्ये मेंदूचा कुठला भाग दुखावलाय, हे सगळं एका रेषेत लागावं लागतं. अजून एक, अशा बाळांना काही वेळा शरीर थंड ठेवायची कूलिंग ट्रीटमेंट देतात, ती जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करायची असते, त्यामुळे बाळाला मोठ्या सेंटरला हलवायला उशीर झाला का हाही प्रश्न विचारावाच.

यासाठी तज्ज्ञ डॉक्टरचं मत लागतं आणि ते मिळवताना घाम फुटतो. त्याच शहरातले डॉक्टर बाळाला प्रेमाने तपासतात, खाजगीत सगळं बोलतात, पण लिहून द्यायची वेळ आली की गप्प. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या केसमध्ये म्हटलंय की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, पण ते चूक उघड दिसणाऱ्या केसेससाठी. बाळंतपणाच्या केसमध्ये मताशिवाय जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रिटायर्ड बाईंनी, मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग शिकवलेल्या, पानपानभर लिहून दिलं.

केस कुठे करायची? बहुतेक लोक ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात जातात. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली आली, सरसकट सगळ्यांना फुकट उपचार देणारा दवाखाना त्यात येत नाही. २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय झाली की तक्रारदार राहतो तिथे केस करता येते, म्हणून दवाखाना पुण्यातला असला तरी आमची तक्रार सांगलीत आहे आणि वहिनीला बाळ टाकून पळापळ करावी लागत नाही. कुठल्या आयोगात जायचं ते भरपाई किती मागताय यावर नाही, तुम्ही दवाखान्याला किती पैसे दिले यावर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीची फी शून्य. मुदत २ वर्षांची, उशीर माफ होऊ शकतो पण कारण पटवावं लागतं, त्या भरवशावर राहू नका. बऱ्याच घरात पहिलं वर्ष 'होईल बरा, मुलगे उशिरा चालतात' यातच जातं आणि निदान पक्कं होईपर्यंत मुदत संपत आलेली असते, हे बघून फार वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या चुलत भावाने सांगितलं होतं की तिकडे वकील जिंकल्यावरच भरपाईतला हिस्सा घेतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत तसं चालत नाही, कुणी टक्केवारीवर केस घेतो म्हणाला तर सावध व्हा. फी लेखी ठरवा.

तक्रार दाखल झाली की दवाखान्याला नोटीस जाते, उत्तराला ३० दिवस आणि फार तर अजून १५. डॉक्टरांचा विमा असेल तर विमा कंपनीलाही पार्टी करतात. मग दोन्हीकडची प्रतिज्ञापत्रं, लेखी प्रश्नावली, लेखी युक्तिवाद. सिनेमासारखी उलटतपासणी क्वचितच, सगळं कागदावर. कायद्यात निकालाला ३ ते ५ महिने लिहिलंय, प्रत्यक्षात वर्षं जातात, वर अपील असतंच. गंभीर इजेच्या मेडिकल केसेस मध्यस्थीला पाठवत नाहीत, त्यामुळे तो शॉर्टकटही नाही.

पोलिसांत जायचं का? जाता येतं, पण सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर गुन्हेगारी निष्काळजीपणासाठी चूक फार ठळक असावी लागते आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं लागतं. मेडिकल कौन्सिल लायसन्सवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. आणि कृपा करून दवाखान्यात तोडफोड करू नका, महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा लागतो, आणि तुमच्या बाळाची बाजू तिथेच दुबळी होते.

आता ते 'किती मिळतील'. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज दवाखान्याच्या केसमध्ये बाळ आणि आईबाप दोघंही ग्राहक मानले गेले, मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना मानसिक त्रासाचे वेगळे ५ लाख. चेन्नईत १९९६ मध्ये वेळेआधी जन्मलेल्या मुलीचे डोळे वेळेत तपासले नाहीत, दृष्टी गेली, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ५ लाख दिले होते, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते जवळपास १ कोटी ८० लाखांवर नेले. फरक कशाने पडला, तर आत्तापर्यंतचा खर्च आणि पुढच्या आयुष्यभराचा खर्च महागाई धरून मोजला गेला म्हणून. तेव्हा एकच गोल आकडा टाकू नका. फिजिओ महिन्याला किती, फिटची औषधं, दर काही वर्षांनी बदलावे लागणारे स्प्लिंट, व्हीलचेअर, सांभाळणारी बाई, वहिनीने सोडलेली नोकरी, सगळं वेगवेगळं मांडा आणि मुलाच्या न्यूरोलॉजिस्टकडून पुढच्या गरजांचं पत्र घ्या. दादाने रिक्षाच्या भाड्याचीही वही ठेवलीय.

केसच्या निकालाची वाट बघत थेरपी थांबवायची नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र काढा, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून थेरपी देणारं केंद्र, आहे का विचारा. आमच्याकडे सध्या दवाखान्याच्या तज्ज्ञाला लेखी प्रश्न पाठवायचा टप्पा आहे. त्यातला पहिला प्रश्न वहिनीने स्वतः लिहून दिलाय, अडीच ते पावणेपाच बाळाचे ठोके कुणी ऐकले.