तुम्ही विचारलंत म्हणून: फियाट जपायची की चालवायची?

प्रश्न एकच असतो, पण तो दोन टोकांकडून येतो. जुन्या गाड्यांचे शौकीन बॉनेट उघडायला लावतात आणि विचारतात, "डायनामो काढून ऑल्टरनेटर का बसवलात? मग ही ओरिजिनल कुठे राहिली?" (दोन्ही इंजिनच्या फिरण्यावर वीज बनवून बॅटरी चार्ज करतात; डायनामो जुनी पद्धत, ऑल्टरनेटर नवी.) आणि पेट्रोल पंपावर, सोलापूरच्या सात रस्त्याच्या सिग्नलला भेटणारे म्हणतात, "एवढी ठेवलीच आहे तर एसी टाकून घ्या की ताई, पॉवर स्टिअरिंग बसवा." गाडी आहे 1968 ची फियाट 1100 डिलाईट, वडिलांनी घेतलेली. मी ती कॉलेजला नेते, मंडईत नेते, अक्कलकोटला दर्शनाला नेते. दोन्ही बाजूंना उभ्या-उभ्या उत्तर देऊन पुरत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

जे नटबोल्टने बसतं आणि नटबोल्टनेच निघतं, ते बदलायला मी कचरत नाही. ज्यासाठी पत्रा कापावा लागतो, ते मी करत नाही. माझे सगळे निर्णय या एका फरकावर उभे आहेत.

आधी डायनामोचं सांगते, कारण आक्षेप तिथेच जास्त असतो. गाडी थांबलेली आणि इंजिन नुसतं हळू चालू (आयडलवर) असताना डायनामो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. 1968 मध्ये त्याने काही अडत नव्हतं. रस्ते मोकळे होते, गाडी एकदा निघाली की चालतच राहायची. आता पावसाळ्यात संध्याकाळी विजापूर रोडने या. हेडलाइट चालू, वायपर चालू, प्रत्येक चौकात थांबा. थांबलं की दिवे पिवळे पडतात, वायपर काचेच्या मधेच रेंगाळतात आणि मागून येणाऱ्या ट्रकला आपला टेललाइट दिसतोय की नाही, ही धास्ती. आमच्या चाचांनी (वडिलांच्या काळापासूनचे मिस्त्री) मारुती 800 चा ऑल्टरनेटर बसवून दिला. त्यासाठी एक ब्रॅकेट घडवलं आणि पट्टा बदलला. इंजिनच्या ब्लॉकला किंवा बॉडीला कुठेही भोक पाडलं नाही. काढलेला डायनामो त्यांनी रॉकेलने धुतला, बेअरिंगला ग्रीस भरलं, मेणकागदात गुंडाळला. सोबत कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा भाग) ठेवला आणि प्रत्येक वायरच्या टोकाला चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलं, कोणती वायर कुठे जाते. ते खोकं माळ्यावर आहे. उद्या कुणाला ही गाडी कारखान्यातून आली तशी हवी असेल, तर एका दुपारचं काम आहे.

टाकीतून इंजिनला पेट्रोल पोहोचवणाऱ्या पंपाचंही तेच. फियाटचा मूळ पंप इंजिनलाच चिकटलेला, इंजिनमधल्या फिरत्या कॅमच्या जोरावर चालणारा. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा 43-44 वर गेला की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर फुर्रफुर्र करून बसते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सावलीत थांबायचं. जुने ड्रायव्हर हे वर्षानुवर्षं करत आले. मी मागे टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप जोडला. आता पेट्रोल मागून दाबाने येतं, वाफ धरत नाही. मूळ पंप खोक्यात गेला.

तिथेच पाइपही बदलले, आणि तो बदल तर प्रत्येकाने करावा असं मी आग्रहाने सांगते. आता पेट्रोल भरायला गेलं की मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल काढतात, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साठच्या दशकातल्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतो, मऊ पडतो, पंपातला रबरी पडदा (डायफ्रॅम) जातो. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी नुसती उभी ठेवली तर टाकी आतून गंजते. जुना पाइप "ओरिजिनल आहे" म्हणून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकू द्यायचं, याला मी जपणूक म्हणत नाही.

ब्रेकचा विचार मी सगळ्यात जास्त केला. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलचं सर्किट एकच. एका ठिकाणी गळती झाली की चारही ब्रेक गेले. मी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) घातला, लाइनी नव्या टाकल्या. डिस्क ब्रेक मात्र बसवले नाहीत. ही गाडी मी साठच्या पुढे नेत नाही, आणि नीट सेट केलेले ड्रम त्याला पुरतात. सीट बेल्टसाठी मात्र मी माझाच नियम मोडला. मधल्या खांबाला भोक पाडून आतून जाड पट्टी वेल्ड केली, कारण नुसत्या पत्र्याला लावलेला बेल्ट धक्क्यात पत्र्यासकट उपटून येतो. शेजारी भाचा बसतो. तिथे मला दुसरा विचार सुचलाच नाही.

एसी का नाही, तर ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चाचांच्या गॅरेजला एक फियाट आली होती. आधीच्या मालकाने एसीच्या नळ्यांसाठी इंजिन आणि केबिनमधली भिंत गॅस कटरने कापलेली. कडा दातेरी, त्यावर एमसीलचा लिंपा, आणि तिथून आत झिरपणाऱ्या पाण्याने पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला. चाचांनी नवा तुकडा वेल्ड करून दिला, पण त्या भिंतीवर प्रेसमध्ये उमटलेल्या उभ्या घड्या हाताने थोड्याच येतात? शिवाय 1089 सीसीच्या इंजिनवर कॉम्प्रेसर लादला की उन्हाळ्यात रेडिएटर उकळतो. मी काचा खाली करते, सीटवर सोलापुरी चादर घालते. रेक्झिनचा चटका बसत नाही आणि खालचं मूळ रेक्झिनही टिकतं.

शौकीन मंडळींना मी आदराने एक विचारते: ओरिजिनल म्हणजे कोणत्या सालचं? फियाटची हीच बॉडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि शेवटच्या काळात कंपनीनेच गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून खाली आणला, डिझेल इंजिनही घातलं. ही गाडी बनवणाऱ्यांनी तिला काळाप्रमाणे बदलत ठेवलं. आणि भारतात फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, 1882 साली इथेच जन्मले. त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनल्या त्या भारतीयांनी रोज वापरायच्या गाड्या. ती गाडी मी कव्हरखाली झाकून ठेवावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

कायदा मात्र इथे निवड करायला लावतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण मग ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यालाच. माझी गाडी वयाने त्यात बसते. मी ती नोंदणी घेतली नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत उभी राहून पासिंग करून घेते, पर्यावरण कर भरते. 'फिवा' या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्याही रोजच्या वाहतुकीसाठी न वापरलेल्या गाडीचीच आहे. पण त्याच संघटनेची तुरिन सनद सांगते, की बदल करायचाच तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत सांभाळा. चाचांनी ती सनद वाचलेली नाही. माळ्यावरचं खोकं त्यांनी स्वतःच्या समजुतीनेच भरलं.

रंगाबद्दलही विचारतात. ड्रायव्हरच्या दाराची वरची कड वडिलांच्या कोपराने घासून रंगाखालच्या अस्तरापर्यंत गेली आहे. गंज चढू नये म्हणून तिथे मेण लावते. नवा रंग देणार नाही.

ज्यांना स्वतः फियाट घ्यायची आहे, त्यांच्यासाठी थोडं. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. टॅक्स्यांच्या जोरावर चालणारा सुट्या भागांचा बाजार आता आटत चालला आहे, तेव्हा विकणाऱ्याकडे काढलेलं काही पडलं असेल तर तेही मागून घ्या, गंजलेलं असलं तरी. आणि बघायला जाताना आधी बॉनेट उघडू नका. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तळ बघा, दारांच्या खालच्या कडेला बोट फिरवा, पायाखालचं मॅट उचला. इंजिनचं काम सोलापुरात होतं, अजून हात आहेत. कापलेला पत्रा असेल तर पुढची गाडी बघा.