तुम्ही विचारलंत म्हणून: तो हॅटवाला कोण?

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चहा येईपर्यंत भिंतीकडे बघतो आणि विचारतोच, हे हॅटवाले कोण, तुमचे कोणी पूर्वज का? एका काकूंनी तर आवाज बारीक करून विचारलं होतं, घरात कोणी ख्रिश्चन होते का म्हणून. तर नाही हो. तो अमेरिकेतला एक घड्याळजी आहे, नाव कोणालाच माहीत नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे त्याचा फोटो आहे, 1840 ते 1860 मधला कधीतरीचा, त्यांनी साइटवर फुकट ठेवलाय तो मी डाउनलोड करून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणला. ओव्हरकोट, हॅट, आणि पुढे टेबलावर मोठाली खिशातली घड्याळं आणि उघडी मशिनं.

माझे वडील, अण्णा, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे, एका जिन्याखाली, काचेची पेटी आणि एक स्टूल एवढंच दुकान. त्यांना दाखवला तर डोळ्याला आयग्लास लावून प्रिंट जवळ घेतला आणि पहिलं वाक्य काय, "ओव्हरकोट घालून कोण काम करतं? बाही अडकून एक स्क्रू उडाला की गेला दिवस."

बरोबरच आहे ना. तो काम करतच नव्हता, फोटोला बसला होता. आणि ही साधी गोष्ट नव्हती तेव्हा. हा फोटो डगेरोटाइप पद्धतीचा, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आयोडीनची वाफ देऊन तयार करायचा, कॅमेऱ्यात घालायचा, मग पाऱ्याच्या वाफेवर धरायचा तेव्हा चित्र उमटतं. हे तंत्र 1839 मध्ये पॅरिसला जाहीर झालं आणि काही वर्षांत अमेरिकाभर दुकानं निघाली. फोटो निघेपर्यंत हलायचं नाही, कित्येक सेकंद, म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावायचे. निगेटिव्ह नाही, म्हणजे पत्रा एकच, कॉपी हवी तर परत बसा. आणि बहुतेक वेळा आरशासारखा उलटा, त्यामुळे उजव्या हाताने करवत धरलेला सुतार त्यात डावखुरा दिसतो. लोक विचारतात, त्या काळी एवढे सगळे डावखुरे कसे, तर हे असं.

मला मात्र यातलं वेगळंच आवडतं. त्या काळच्या अशा फोटोंतले घड्याळजी, लोहार, सुतार, शिवणाच्या मशीनवर बसलेली एक बाई, हे सगळे आपापली हत्यारं उचलून स्टुडिओत घेऊन गेले, आणि बहुतेकांनी पैसे स्वतःच्या खिशातून दिले असणार. नुसता चेहरा काढून घेता आला असता की. पण नाही, माझं सामान पण येऊ दे.

आपल्याकडे काय झालं बघा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 लाच निघाली होती, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. पण इथल्या कारागिरांचे जे फोटो राहिलेत त्यातले बरेचसे साहेबाने काढलेले, जात आणि धंदा लिहून. 'द पीपल ऑफ इंडिया' म्हणून आठ खंड आहेत, 1868 ते 1875 चे, त्यात माणूस नमुना म्हणून उभा आहे. नाव तिकडच्याचंही हरवलं आणि इकडच्याचंही, पण तिकडचा स्वतःहून बसला होता. मला हा फरक फार मोठा वाटतो, कोणाला वाटणार नाही.

आणि अण्णांचा कामावरचा एकही फोटो नाही आमच्याकडे. लग्नातले आहेत, पासपोर्ट साइज आहेत, शिर्डीचा ग्रुप फोटो आहे ज्यात ते अर्धे कापले गेलेत. म्हणून मागच्या दिवाळीत म्हटलं जुनी पेटी काढू, तुमचा फोटो घेते. चिमटे, छोटे स्क्रू ड्रायव्हर, हेअरस्प्रिंगची डबी, सगळं मांडलं, गंजलेलं होतं थोडं ते त्यांनी रॉकेलने पुसलं, माझं मोबाइल धरून उभं राहणं चालूच. मी म्हटलं बसा आता, तर आतल्या खोलीत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आईने हाक मारली.

आले ते कडक इस्त्रीचा शर्ट आणि वर माझ्या लग्नातला कोट घालून.

मी म्हटलं, अण्णा, बाही अडकेल.

"काढ तू," म्हणाले.