बोडीतला हिशोब

मृगाचा पहिला दणका पडला, की आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, रात्रभर बेडकांचा ओरडा सुरू. नर हळदीसारखे पिवळेजर्द, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एकेक मादी हजारो अंडी घालते, आणि काही दिवसांत काठावर काळ्या पिल्लांची नुसती वळवळ. तरी दरसाल ओरडा तेवढाच! धानाचे पऱ्हे (रोपं) टाकत असलेल्या शेजारच्या काकाजींना विचारलं, तर म्हणाले, "सारेच जगले असते त पाय ठेवाले जागा नसती राहिली, बाप्पा!"

हेच बेल्जियमच्या पिअर-फ्रान्स्वा व्हेरहुल्स्टनं १८३८ मध्ये गणितात मांडलं. संख्या वाढते तशी वाट्याची जागा आणि खाणं कमी पडतं, वाढ मंदावते. शेवटी जितके जन्मतात तितकेच मरतात. म्हणजे जोडीमागं जन्मभराच्या त्या हजारो अंड्यांतून सरासरी दोनच मोठे होऊन पुढं अंडी घालणार. बाकीची बगळ्यांची, सापांची, आटत्या पाण्याची. या जातीची पिल्लं तर एकमेकांनाही खातात. निसर्गाचा समतोल, असं शाळेच्या फळ्यावर किती सोज्वळ दिसतं!

वाघ मात्र निघूनही जातो. मोठ्या नराच्या हद्दीत वयात आलेल्या पोराला थारा नसतो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून गळ्यात माग काढायचा पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला, तेलंगणात शिरला, आणि शेतं-रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वरच्या रानात एक कमी झाला, हिशोब जुळला. पण वाटेवरच्या कापसात कामाला गेलेल्या बायांना कुणी विचारलं का?

आणि आपण? आजीला आठ, आईला चार, आता दोघांवर थांबतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागं १.७ मुलं निघाली. संख्या टिकायला साधारण २.१ लागतात. तरी राज्य लगेच रिकामं होत नाही, कारण आज तरुणच जास्त आहेत, त्यांची लेकरं अजून यायची आहेत. आमच्या गावाचा आकडा मात्र कधीचा हललेला नाही. इथं व्हेरहुल्स्टचं गणित नको, सकाळची नागपूरची एसटी पुरे. पोरं तिच्यानं जातात, म्हातारे राहतात. मतदार यादी जाडच्या जाड, आणि परवाच्या लग्नात पंगतीला वाढायला माणसं मात्र तालुक्याहून रोजानं आणावी लागली.