तो मुद्दाम करतो का?

‘पाच महिन्यांचा होता तेव्हा किती शहाणा होता हो! आता हाक मारली तर ढुंकून बघत नाही. आमचं काही चुकलं का?’ हा प्रश्न मला सोसायटीच्या फाटकाशी विचारतात, डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघताना विचारतात, एकदा तर मी भेंडी निवडत असताना कुणीतरी विचारला होता. विचारणाऱ्याच्या हातात ताणलेला पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याचं लांबटांग्या ध्यान. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

चुकलं काही नाही, तो वयात येतोय. कुत्र्यांचं हे वय साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं. लहान चणीचं कुत्रं वर्षभरात निवळतं, लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्डसारखं थोराड असेल तर दीड-दोन वर्षंही लागतात.

आमचा बंड्या देशी, रस्त्यावरून आणलेला. लहानपणी ‘बस’ म्हटलं की बसायचा. आठवा महिना लागला आणि लिफ्टसमोर मी ‘बस’ म्हटलं की तो आधी माझ्याकडे बघायचा, मग कठड्यावरच्या कबुतराकडे, मग निवांत कान खाजवायचा. तेवढ्यात वॉचमनकाका खुर्चीतल्या खुर्चीत ‘ए बंड्या, बस’ म्हणायचे आणि स्वारी टुणकन खाली! आजूबाजूचे हसायचे. मीही हसायचे, पण आतून चरफडत.

पुढे कळलं की हे असंच असतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली नेमकं हेच छापलं. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या ६९ कुत्र्यांना त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ म्हणून पाहिलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्या माणसाचं मात्र ऐकत होती. वर्षाची होईपर्यंत गाडी बरीचशी रुळावर आलेली दिसली. म्हणजे ‘बस’ ती विसरलेली नसतात. रुसवेफुगवे फक्त घरच्यांसाठी राखून ठेवलेले असतात. माणसांची पोरं शेजारच्या काकूंकडे किती गुणी असतात ते आठवा.

म्हणून पहिलं काम म्हणजे मनाला लावून घेऊ नका. दुसरं, त्याला मोकळं सोडणं काही महिने बंद. हार्डवेअरच्या दुकानात दहा मीटर चांगली दोरी मिळते, ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला बांधा. गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावता धावता झटका बसला तर मानेला इजा होते. हाक एकदाच मारायची. दहादा मारली की पहिल्या नऊ हाकांना अर्थ नसतो, एवढं तो शिकतो. नाही आला तर दोरी धरून त्याच्याकडे चालत जायचं, आरडाओरडा नाही. आला तर उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा हुंगायला सोडायचं. आपण नेमकं घरी न्यायला किंवा आंघोळीला हाक मारतो. मग कशाला येईल तो?

फिरवण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ‘दमवा त्याला, दमला की शांत होईल’ असं सगळे सांगतात. बंड्याला खूप पळवलं की तो संध्याकाळी जास्तच पिसाटायचा, सोफ्याची उशी तोंडात धरून गरगर फिरायचा. या वयात झोप कमी पडली की असं होतं. त्यापेक्षा सावकाश, त्याच्या नाकाच्या कलाने फिरवा. एकेक खांब हुंगू दे. घरी पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे आणि त्यांत त्याचं जेवण टाकून द्या. केर होतो, मावशी कुरकुरतात, पण चपला वाचतात.

याच वयात अचानक भीतीही बसते. काल ज्या गोष्टीकडे बघितलंसुद्धा नाही, तिला आज घाबरतो. बंड्या झाकलेल्या स्कूटरवर भुंकायचा. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की त्या बाजूला पाय टाकायचा नाही. ओढत नेऊ नका. आवाज अंगावर येणार नाही इतकं लांब उभं राहा, खाऊ द्या, परत फिरा.

‘मालक कोण ते दाखवा, दोन ठेवून द्या’ म्हणणारेही भेटतील. कळपात एक दादा असतो आणि तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, अशी ती समजूत. ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या लांडग्यांच्या अभ्यासकांनी, डेव्हिड मीच (Mech) यांनीच, नंतर ती मागे घेतली: रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. मारून कुत्रं गुरगुरणं तेवढं सोडतं. मग एक दिवस न गुरगुरताच चावतं.

नसबंदी केली की सुधारेल का, हेही विचारतात. नराचं भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होऊ शकतं, हाक ऐकण्याशी तिचा संबंध नाही. थोराड जातींची हाडं उशिरा भरतात, म्हणून कधी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि एकाएकी चिडचिडा झाला, हात लावू देईना, तर वयावर ढकलू नका. कान दुखतोय का, पाय दुखतोय का, ते आधी तपासून घ्या. खरोखर चावायला लागला असेल तर माझ्यासारखीला न विचारता जाणकार प्रशिक्षक गाठा.

राहिला शेवटचा प्रश्न, जो लोक आवाज खाली करून विचारतात: ‘देऊन टाकू का कुणाला?’ नव्या घरी पहिले काही आठवडे तो अगदी गुणी वागेल, कारण ती माणसं परकी. त्यांचा लळा लागला की माझ्या अंदाजाने त्यांनाही हेच सगळं दाखवेल. मग ती माणसं मला फाटकाशी गाठून तुमचाच प्रश्न विचारतील.