बोलताना मध्ये येत नाही

१९ डिसेंबर, रात्र

भांडी आवरून झाली, उद्याची कणीक मळून ठेवली, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. काल जेवताना नंदूभाऊ म्हणाले, "छान लावलंय हं हे, वहिनी. बोलताना अजिबात मध्ये येत नाही." अगदी मनापासून म्हणाले, सोलकढीची वाटी तोंडाला लावता लावता. मी "हो ना" म्हटलं आणि भात वाढायला उठले. तेव्हापासून लागून राहिलंय.

लावलं होतं चार्ली बर्ड या अमेरिकन जॅझ गिटारवादकाचं ख्रिसमसचं. १९८२ सालचं, एकट्या गिटारवरचं. गाणं नाही, ड्रम नाहीत, घंटा नाहीत. थँक्सगिव्हिंग उलटलं की इथे अमेरिकेत दुकानादुकानातून तीच कॅरल्स, ख्रिसमसची गाणी, कानावर आदळायला लागतात, औषधाच्या रांगेतसुद्धा सुटका नसते. मग घरी येऊन मी तीच कॅरल्स या माणसाच्या हातून ऐकते, आणि ती वेगळीच निघतात. नायलॉनच्या तारा, हातात तार छेडायचं पिक नाही, नुसती बोटांची टोकं आणि नखं. खर्जाच्या तीन तारांवर धातूची बारीक वेटोळी असतात. डावा हात एका जागेवरून दुसरीकडे सरकला की त्या किंचित करकरतात. वरच्या सुरांच्या तीन गुळगुळीत, त्या गप्प सरकतात. त्या करकरीवरून मला कळतं, आता हात वर चालला, आता सूर बदलणार. हे सगळं चालू असताना म्हणे मध्ये येत नाही!

मध्ये का नाही आलं? मला हेच पुनःपुन्हा वाटतंय. माझ्या तर येतं. त्यांचं घराच्या कर्जाच्या व्याजाबद्दल चाललं होतं तेव्हा मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मुग्धाने तिकिटाचं अजून कळवलेलं नाही. जाऊ दे.

खरं तर बर्डच्या नशिबी हे पहिल्यापासूनच होतं. १९६१ मध्ये सरकारी दौऱ्यावर तो दक्षिण अमेरिकेत गेला, ब्राझीलमध्ये बोसा नोव्हा, सांबा नाचाच्या ठेक्यातून निघालेलं तिथलं हळुवार संगीत, ऐकून आला आणि इथे वॉशिंग्टनमध्ये ते वाजवायला लागला. १३ फेब्रुवारी १९६२ ला सिक्स्टीन्थ स्ट्रीटवरच्या ऑल सोल्स चर्चच्या हॉलमध्ये सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबर 'जॅझ सांबा' हा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झाला. गावात जाताना बस त्या चर्चवरून जाते. दर वेळी माझी मान आपोआप तिकडे वळते. पुढच्या वर्षी तो अल्बम बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकाला गेला. ग्रॅमी मिळालं ते त्यातल्या 'देझाफिनादो'साठी, आणि ते एकट्या गेट्झला. सॅक्सोफोन पुढे, गिटार मागे. बर्ड १९६७ मध्ये आपल्या रॉयल्टीसाठी कोर्टात गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला. पण लोकांच्या कानात राहिला तो सॅक्सोफोनच. हे वाचलं त्या दिवशीही मला असंच झालं होतं, जणू माझ्याच माणसाला कुणी पंगतीत मागे बसवलं.

इतकी वर्षं मी हे एकटीच ऐकत आले. प्रकाशला त्यातलं काही नाही, मुग्धाला लहानपणी झोप यायची. कुणाला सांगायला गेलं की समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. कधी कधी वाटतं, आपल्याला जे सगळ्यात जवळचं आहे ते इतकं हळू बोलणारं असायला नको होतं. ढोलताशासारखं काहीतरी आवडायला हवं होतं, निदान कुणी "बंद कर" तरी म्हणालं असतं.

पण हळू बोलणं हेच तर या बोसा नोव्हावाल्यांनी ठरवून केलेलं आहे. ब्राझीलच्या जोआओ जिल्बेर्तोने १९५८ मध्ये 'शेगा जी साउदाजी' गायलं तेव्हा गळ्यासाठी एक आणि गिटारसाठी एक असे दोन वेगळे माइक मागितले. आवाज बोलण्याइतकाच, आणि गिटार आवाजाइतकंच महत्त्वाचं. अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचं, सुर्दोचं काम करतो, एका लयीत खर्ज धरून. बाकीची तीन बोटं तांबोरिंमची, तळहाताएवढ्या डफाची, समेला चुकवून कधी आधी, कधी नंतर. सांबाचा अख्खा मेळ एका हातात, शेजारी झोपलेलं मूल उठणार नाही इतक्या आवाजात. हे बर्डच्या हातात मुरलेलं होतं. त्याच्या कॅरल्समध्ये म्हणूनच मला बर्फ दिसत नाही. ब्राझीलमध्ये ख्रिसमस भर उन्हाळ्यात येतो. आजोळी म्हापशालाही कुठे बर्फ होतं? शेजारून नेवऱ्यांचं ताट यायचं, त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असायचं, आणि आमची आजी इकडे आपली वाती वळत असायची. ती कधी "ऐका" म्हणाली नाही. उठून आतही गेली नाही.

आणि दुसरं म्हणजे, 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं ते १८१८ च्या २४ डिसेंबरला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फच्या चर्चमध्ये, गिटारच्या साथीवर. म्हणजे ते गाणं जन्मलंच या वाद्यावर. दोनशे वर्षांत त्यावर केवढाले ऑर्केस्ट्रा चढवले गेले.

हे लिहिता लिहिता राग उतरला माझा. बर्ड आयुष्यभर वाजवत राहिला ते कुठे? वॉशिंग्टनच्या शोबोट लाउंजमध्ये, नंतर इथे जवळच अ‍ॅनापोलिसच्या किंग ऑफ फ्रान्स टॅव्हर्नमध्ये. माणसं खातायत, पितायत, ग्लास खणखणतायत, अशा ठिकाणी. इटलीत सिएनाला जाऊन सेगोव्हियासारख्या शास्त्रीय गिटारच्या उस्तादाकडे शिकून आलेला माणूस तो. त्याला ठाऊक असणारच की समोरच्या टेबलावर कर्जाच्या व्याजाचं चाललंय. तरी अंगठा लयीत पडत राहिला. त्याला ते सोसत होतं, तर त्याच्या वतीने रागवायचा मला काय अधिकार?

आणि नंदूभाऊ रात्री उशिरापर्यंत बसले की. एरवी जेवण झालं की गाडीची किल्ली हातात असते त्यांच्या. काल रेकॉर्ड संपली, मी उलटायला उठले, तेव्हा ते बोलायचे थांबले होते.

चोवीस तारखेला परत सगळे येणार आहेत. तेव्हा 'ब्राझिलियन सोल' लावावं म्हणते. १९८१ चा, बर्ड आणि लोरिंदो अल्मेदाचा. अल्मेदा ब्राझीलचा, साओ पावलोकडचा. त्याने सॅक्सोफोनवाल्या बड शँकबरोबर जॅझ आणि ब्राझीलचं हे असलं मिश्रण १९५३ मध्येच करून ठेवलं होतं, बोसा नोव्हाचं नावही नव्हतं तेव्हा. दोन गिटार, दोन्ही नायलॉनच्या. एक चाल धरतो, दुसरा ठेका. मग कधीतरी अदलाबदल होते. पुढे कोण आणि मागे कोण, मला अजूनही नेमकं सांगता येत नाही. नंदूभाऊंना विचारून बघेन. आवाज मात्र कालच्यापेक्षा जरा मोठा ठेवणार आहे.