चालणं निभतं, थांबणं दमवतं

साठीनंतर वारीला निघालेल्या माणसाला जो तो चालण्याचंच विचारतो. रोज किती किलोमीटर, बूट कुठले घेतले, सराव किती केला. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाऊन आल्यापासून माझ्याकडेही हीच चौकशी होते. माझं उत्तर ठरलेलं आहे. चालणं निभतं, दमवतं ते थांबणं.

रथापुढे २७ दिंड्या, मागे कितीतरी. पुढे कुठे खोळंबा झाला की मागची सगळी रांग अडते. दहा पावलं चालायचं, मग तापल्या डांबरावर ताटकळायचं. चालत्या गुडघ्याची तक्रार नसते. थांबून पुन्हा निघालं की तो बोलायला लागतो. रस्त्याकडेला टेकावं तर उठवायला दोघी लागतात. मी नर्स होते, उभा जन्म वॉर्डात उभ्यानंच गेला, तरी इथे कस लागला. शेवटी टाळकऱ्यांचं बघून जागच्या जागी पावली टाकत राहिले. पिंढऱ्या आखडायच्या थांबल्या.

पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा पल्ला, त्यात दिवे घाट, आणि आमच्या वेळी नेमकी एकादशी. मला साखर आहे. गोळ्यांचं गणित निघण्याआधीच डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं होतं. दिंडीत साबुदाण्याची खिचडी आली, मी पिशवीतली भाकरी काढली. शेजारणीनं एकदा पाहिलं नि मुकाट्यानं चटणी पुढे केली. बायकांचं आणखी एक सांगते. पुढे आडोसा कुठे मिळेल या धास्तीनं त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग घाटात भोवळ येते. मोबाइल टॉयलेट आता असतात, पण त्यांच्यापुढेही रांगच.

मी नर्स असल्याचं कळल्यावर राहुटीत संध्याकाळी पाय दाखवायला माणसं यायची. परभणीकडच्या एक आजी, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, टाचांच्या भेगांत आमसुलाचं तेल चोळत बसलेल्या असायच्या. एकदा चवड्याला पाण्यानं टरारलेला फोड आला, तर सुईदोरा घेऊन तयार! सुई काढून घेतली, फोड न फोडता वर मऊ पट्टी बांधली. "माउली, एवढ्याश्याला दवाखाना कशाला," असं पुटपुटत त्यांनी बांधू दिली. माझे तळवे मात्र मला दिसत नव्हते, एवढं वाकायचं वय गेलं. साखरेत पाय बधिर झालेला असला तर खडा रुतलेलाही कळत नाही, म्हणून रोज तळवा बघायलाच हवा. आजींच्या कुंकवाच्या पेटीतला आरसा त्या कामी आला. कुंकू त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अंदाजानंच लावलं.

मुक्कामी तळावर समाजआरती होते, तेही उभ्यानंच. सगळ्या दिंड्यांचे टाळ घुमत असतात. चोपदारांनी चोप उंचावला की एका क्षणात शांतता. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात. ही शिस्त पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांपासूनची, असं जुने वारकरी सांगतात. एवढ्या गर्दीपुढे नुसता एक दंड वर करून भागतं, आणि आमच्या सोसायटीच्या सभेत माईक असूनही भागत नाही.

पंढरपुरात दर्शनाची रांग बघितली आणि हात जोडले ते कळसालाच. मुलगा फोनवर म्हणाला, "एवढं चालून गेलीस आणि विठोबाला न भेटताच येणार?" मी काही बोलायच्या आत आजींनी फोन ओढून घेतला. "अरे बाबा, तो अठ्ठावीस युगं उभा हाय. तुझ्या आईचे गुडघे तसले न्हाईत."

मुलानं परतीचं तिकीट काढून दिलं, खालचा बर्थ.